धुळ्याला थांबलीस ते फार चांगलं केलंस

इंदूर, रात्रीचे साडेनऊ

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, "बाबा, मी आज धुळ्यालाच थांबते, पुढे जात नाही," तेव्हा मी "बरं, छान" एवढंच बोललो आणि फोन आईकडे दिला. गळा दाटून आला होता, आणि तुझ्यासमोर हॉटेलचा माणूस आधारकार्ड मागत उभा होता. जेवणं झाली, आजीला औषध दिलं, आता निवांत लिहायला बसलोय. लिहून झालं की कागदाचे फोटो काढून पाठवतो. झोपण्याआधी वाच, नाहीतर उद्या सकाळी चहा घेताना.

तुझ्या एकटीच्या कन्याकुमारी प्रवासाच्या वहीत आजच्या पानावर 'इंदूर ते संभाजीनगर' असं लिहिलेलं होतं. किती दिवस तू त्या वहीत खाडाखोड करत बसली होतीस ते मी बघत होतो. बिजासनच्या घाटात ट्रक आडवा झाला, रांगेत वेळ गेला आणि धुळ्यात शिरेपर्यंत चार वाजून गेले. पुढे दीडशे किलोमीटर राहिले होते. गाडी ठणठणीत होती, पुढच्या हॉटेलचे पैसे आधीच भरलेले होते, आणि 'आता काय, तीन-साडेतीन तासांत पोचते' असं म्हणायला सगळी सोय होती. तरी तू थांबलीस. आज सकाळी राऊच्या चौकापर्यंत स्कूटरवर तुझ्या मागे मागे आलो, हात केला, तेव्हाही मला तुझा अभिमान वाटला होता. पण संध्याकाळच्या फोननंतर जो वाटला तो त्याहून मोठा. निघताना घरचे हातावर दहीसाखर ठेवतात, गल्लीतले लोक गॅलरीत येऊन उभे राहतात. पहिल्या दिवशी ठरलेल्या मुक्कामाच्या अलीकडे थांब, असं मात्र कोणी सांगत नाही. ते आपलं आपल्याला सुचावं लागतं.

हे मी एवढं मनावर का घेतो, ते तुला सांगायचं राहिलंय. माझं काम तुला ठाऊक आहे. गाडीचा अपघात झाला की विम्याच्या दाव्यासाठी मी सर्व्हेला जायचो: जागा बघायची, गाडी बघायची, फोटो काढायचे, नुकसान मोजायचं. देवासपासून सेंधव्यापर्यंत एबी (आग्रा-मुंबई) रोडचा प्रत्येक कट, प्रत्येक पूल मला पाठ आहे. घरी आल्यावर मी त्यातलं काही बोलत नसे, कारण तू लहान होतीस आणि आई रात्रभर जागी राहिली असती. लोकांना वाटतं, अपघात करणारे सगळे बेदरकार असतात. तसेही असत. पण कितीतरी जण सरळ, सावध, सीटबेल्ट लावून बसलेले, बायकापोरांना घेऊन निघालेले. त्यांच्याशी बोलायला गेलं की एक वाक्य फिरून फिरून यायचं: "बस, पहुँचने ही वाले थे, साहब." ठरवलेलं गाव शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आलेलं असतं, खोली बुक असते, कोणीतरी जेवायला वाट बघत असतं, आणि अंगातला शीण त्या ठरवण्याखाली दबून जातो.

गाडीत दोघं असली की एकजण सहज म्हणतो, "चल, चहा घेऊ या." कधी तर त्याला स्वतःलाच उतरायचं असतं, पण त्या निमित्ताने चालवणाऱ्याचाही जीव हलका होतो. तुझ्या शेजारच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या आणि आईचा डबा आहे. 'बास झालं' असं म्हणणारं तिथे कोणी नाही. ते म्हणायचं काम तुझ्याकडेच आहे, आणि पहिल्याच दिवशी, ऐन गरजेच्या वेळी, ते तू केलंस. म्हणून मी आज शांत झोपणार आहे.

थकव्याचं एक लक्षात ठेव. जांभई ही फार उशिराची खूण. त्याच्या आधी बारीकसारीक गोष्टी होतात: पाटी दिसते पण वाचली जात नाही, मागचे चार-पाच किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकते आणि आपण दचकून स्टिअरिंग ओढतो, कोणी नुसता हॉर्न वाजवला तरी चीड येते. यातलं एक जरी झालं तरी पुढचा पेट्रोलपंप तुझा. काच खाली करून, गाणी मोठ्याने लावून पाच-दहा मिनिटं तरतरी वाटते, झोप जात नाही. आधी चहा नाहीतर कॉफी प्यायची, मग दारं लॉक करून, उजेडात आणि माणसांच्या वर्दळीत गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. कॉफीचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे जाग येते तेव्हा दोन्ही एकदम कामाला येतात. ज्यांचा धंदाच गाडी चालवण्याचा आहे त्यांच्यासाठी २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तासांची मर्यादा होती, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाचा विसावा. ही रोजच्या सवयीच्या माणसांची गोष्ट झाली. तू दिवसाला पाच-सहा तासांवर जाऊ नकोस, आणि दर दोन तासांनी खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मार. चारही टायर नजरेखालून जातात, पायही मोकळे होतात.

मानपूरच्या पुढचा उतार तू तिसऱ्या गिअरवर, मधे दुसऱ्यावर उतरलीस, असं आईला सांगत होतीस, ते मी कान देऊन ऐकत होतो. अगदी बरोबर केलंस. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं. त्याचं कारण मी तुला एकदा नीट लिहून देतो, कारण कारण कळलं की नियम विसरत नाही. ब्रेक गाडीचा वेग पुसून टाकत नाही, त्याची उष्णता करतो, तळहात एकमेकांवर घासले की गरम होतात तशी. सपाट रस्त्यावर दोन ब्रेकांच्या मधे ती उष्णता वाऱ्यावर निघून जाते. लांब उतारावर पाय पेडलवरच राहिला तर तिला जायला वेळच मिळत नाही. लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, तापून गुळगुळीत होतात, त्यांची पकड जाते. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. जुनं झालेलं ऑइल तापलं की त्यात वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं पण चाकापर्यंत काही पोचत नाही. निघण्याआधी ब्रेक ऑइल बदलायचंच असा हट्ट मी धरला होता तो याचसाठी. खालच्या गिअरवर इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला अधूनमधून दाबून सोडायचं एवढंच काम उरतं. उतारावर न्यूट्रल कधी नाही. डिझेल वाचतं म्हणून ट्रकवाले करायचे, आणि त्यांच्याच गाड्या मी बघायला जायचो.

गणपती घाट तू आज ज्या नव्या रस्त्याने उतरलीस, तो २०२४च्या अखेरीस सुरू झाला. त्याआधी उतरणाऱ्या गाड्या जुन्या तीव्र उतारावरून यायच्या. भरलेल्या ट्रकचे ब्रेक जायचे आणि तो पुढे असेल त्या गाडीवर आदळायचा. तिथल्या एका ट्रकचं चाक आमच्यासमोर खोललं तेव्हाचं मला अजून दिसतं. ड्रमवर मोरपंखी निळसर झाक चढलेली, लायनरला काचेसारखी चकाकी, आणि जळक्या लायनरचा तो वास, जो नाकातून दोन दिवस जात नाही. लोखंड निळं पडतं म्हणजे किती तापलं असेल, विचार कर. ड्रायव्हर वाचला होता. रस्त्याकडेच्या दगडावर बसून एकच सांगत होता, "साहब, मैंने पूरा दबाया था." खरं बोलत होता तो. पाय त्याने पूर्ण दाबला होता.

त्या घाटाच्या खाली आता कमी गाड्या फुटतात, ही मला मनापासून समाधानाची गोष्ट वाटते. रस्ता सुधारला की माणसं वाचतात. सगळा दोष ड्रायव्हरवर टाकून मोकळं होता येत नाही. पण जिथे रस्ता अजून सुधारलेला नाही तिथे आपल्या गिअरलाच ते काम करावं लागतं.

टायरचंही याच ओघात सांगतो. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी बघायची, टायर थंड असताना. दुपारी चाललेल्या गाडीत काटा जास्त दाखवतो, तेव्हा पंपावरचा पोरगा "ज्यादा है, दीदी" म्हणून हवा सोडायला लागेल, त्याला सोडू देऊ नकोस. कमी हवेवर पळालेला टायर बाहेरून शहाण्यासारखा दिसतो. तो रिमवरून उतरवला की आतून काळी भुकटी सांडते, रबराचा अक्षरशः पीठ झालेला चुरा, आणि बाजूच्या भिंतीला आतून गोल कडं पडलेलं असतं. म्हणजे तो टायर कित्येक किलोमीटर दुमडत, तापत चाललेला असतो आणि वर बसलेल्याला पत्ता नसतो. सिमेंटच्या रस्त्यावर, उन्हात, वेगात तो फुटतो. फुटलाच तर ब्रेकवर उभी राहू नकोस. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धर, अॅक्सिलरेटर हळूहळू सोड, गाडी आपोआप मंद होऊ दे, मग कडेला घे. कडेला घेतल्यावर तू गाडीत बसू नकोस, रस्त्याच्या बाहेर, कठड्यापलीकडे जाऊन उभी राहा, आणि तिथून १०३३ला फोन कर. तो राष्ट्रीय महामार्गाचा मदतीचा नंबर आहे, टोइंग, अॅम्ब्युलन्स सगळं तिथूनच. एरवी कुठल्याही राज्यात ११२.

आता जरा दुसरं, माझ्या आवडीचं. आज तू किती पाणलोट ओलांडलेस ते तुझ्या लक्षात आलं का? आपल्या इंदूरचं पाणी कान्ह आणि शिप्रेतून उत्तरेला जातं, चंबळेला मिळतं, तिथून यमुना, गंगा, आणि थेट बंगालचा उपसागर. मानपूरच्या अलीकडे जानापावचा डोंगर लागतो, चंबळ तिथलीच. तो मागे पडतो, घाट उतरतेस आणि विंध्य संपतो. त्या उतारावर पडलेला पाऊस उत्तरेला जात नाही, तो नर्मदेचा, खंबातच्या आखाताचा. मग बिजासनला सातपुडा ओलांडलास की पाणी तापीकडे वळतं, सुरतेच्या दिशेला. धुळ्याची पांझरा तापीलाच मिळते. म्हणजे नाश्ता गंगेच्या खोऱ्यात, दशमी-चटणी नर्मदेच्या, आणि रात्रीची झोप तापीच्या. उद्या कन्नडचा घाट चढलीस की गोदावरी सुरू होईल, पाणी पुन्हा पूर्वेला. सोलापूरला भीमेचं खोरं, विजापूरच्या पुढे कोल्हारला कृष्णेचा मोठा पूल. आणि शेवटी हुबळी-यल्लापूरवरून अरबैल घाट उतरलीस की गंगावळी, जी तुला अंकोल्याच्या समुद्रापर्यंत सोबत करेल. हा ५२ नंबरचा रस्ता पंजाबातल्या संगरूरहून निघून आपल्या घराजवळून जातो आणि अंकोल्याला संपतो. तिथून ६६ नंबर धरला की कन्याकुमारी. लहानपणी तुला नकाशात बोटाने दाखवायचो तेच सगळं, आता तुझ्या चाकाखालून जाणार. मला फार आनंद होतो.

खलघाटला नर्मदेच्या पुलाअलीकडे ती परिक्रमावासी बाई भेटली, ते तू घाईघाईत सांगितलंस. पांढरं पातळ, हातात काठी, खांद्यावर पडशी, पायांना भेगा. तू गाडी कडेला घेऊन तिला डब्यातल्या चार दशम्या दिल्यास. "अकेली हो?" तिने विचारलं, तू हो म्हणालीस, आणि ती म्हणाली, "मैं भी." आईने हे ऐकलं तेव्हापासून तिचा चेहरा निवळलाय. चातुर्मास संपला की किती बायका अशा एकट्या त्या काठाने चालायला निघतात, आपण इंदुरात राहून बघत आलोय. मैयाला उजवीकडे ठेवून, तिला न ओलांडता, मिळेल ते खात, मिळेल तिथे पाठ टेकत. त्यांना कोणी विचारत नाही की एकटी कशी गेलीस.

तुझ्या आत्याने मात्र दुपारी फोन करून विचारलंच, "दादा, तू तिला एकटीला पाठवलंसच कसं?" मी म्हटलं, "अगं, मी पाठवलेलं नाही, ती गेलीये." तिचा जीव तुटतो तुझ्यासाठी, तिच्यावर रागावू नकोस. रात्री तिलाही एक मेसेज टाक. पण तिला जे सांगितलं ते तुलाही सांगतो. तू सत्तावीस वर्षांची आहेस, स्वतःच्या कमाईने गाडी घेतलीस, स्वतःची रजा, स्वतःचा रस्ता. आमच्या परवानगीचा प्रश्न यात कुठे येतच नव्हता. आणि आपल्या घराण्याला वाटेचं भय असतं तर आपण आज इंदुरात नसतोच. पेशवाईच्या काळात दक्षिणेतून नर्मदा उतरून माणसं माळव्यात आली, होळकरांच्या पदरी राहिली. कोणी कारकून, कोणी शिलेदार, कोणी नुसता भटजी. १७६७पासून अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चालला; १८१८ साली मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि आपले लोक राजवाड्याच्या भोवती स्थिरावले. धामणोदला महेश्वरचा फाटा दिसला असेल तुला. त्या बाईंनी काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर, कुठे कुठे घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्या वाटसरूंना पाणी आणि निवारा मिळावा म्हणून. मुक्काम वेळेवर व्हावा, अंधारात माणूस रस्त्यावर राहू नये, हे त्यांना तेव्हा कळलेलं होतं. आज तू त्या जुन्या वाटेने उलट दिशेला, खाली चालली आहेस. आजी दिवसभर हेच सगळ्यांना सांगत होती.

आता लोकेशनबद्दल. तू सकाळी व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन लावून दिलं होतंस. ते ८ तासांनी आपोआप बंद होतं, तसं तीनच्या सुमाराला बंद झालं. तोवर तो ठिपका आमच्या घरात सगळ्यांचा मालक होऊन बसला होता. बिजासनला तो हलेना, तेव्हा आई देवापुढे जाऊन बसली. चिऊ, उद्यापासून ते लावू नकोस. आमचं प्रेम कमी नाही म्हणून सांगतोय. ठिपका थांबला की आम्ही फोन करणार, फोन वाजला की तुझी नजर रस्त्यावरून हलणार. एवढ्याशा कारणाने झालेले अपघात मी पाहिलेत. त्यापेक्षा दिवसाला तीन मेसेज: निघाले, जेवले, पोचले. मधे फोन वाजला, अगदी आमचा असला, तरी चालत्या गाडीत उचलायचा नाही. तू उचलला नाहीस तर आम्ही समजून घेऊ. 'पोचले' हा मेसेज उजेड असताना यावा, एवढीच माझी मागणी. आणि मुक्कामाचा पत्ता व खोलीचा फोन नंबर रोज आईला पाठव. दाराला आतून कडी बसते का ते सामान उतरवण्याआधी बघ. ढाब्यावर कोणी फार चौकशी करायला लागलं तर "पुढच्या गावी घरचे वाट बघतायत" म्हणायला अजिबात संकोच करू नकोस.

उजेडाचं मी सारखं का म्हणतो, त्याला या दिवसांत एक खास कारण आहे. ऊसतोडीचा हंगाम सुरू आहे. बीड, धाराशिव, सोलापूर, तिथून पुढे विजापूरपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर दिसतील, मागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. कितीकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. समोरच्या गाडीच्या हेडलाइटने डोळे दिपले की ती ट्रॉली अंधारात विरघळून जाते, आणि दिसते तेव्हा ब्रेक लावण्याइतकं अंतर उरलेलं नसतं. दिवसा तीच ट्रॉली दुरून दिसते, हॉर्न देऊन आरामात पुढे जाता येतं. हिवाळ्यात पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणून पाचला गाडी उभी, असं धरून चाल. डिसेंबरात दिवस लहान आहे तर प्रवासही लहान, त्यात काही बिघडत नाही.

कन्नडचा घाट उद्या सकाळीच चढ. चाळीसगाव सोडल्यावर पाणी भरून घे. घाट अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत. २०२१च्या पावसाळ्यात तिथे मोठ्या दरडी कोसळल्या होत्या. वळणावर हॉर्न, डाव्या अंगाने, आणि मागचा कितीही घाई करू दे, आपला वेग आपला. माकडांना खायला देण्यासाठी गाड्या मधेच थांबतात, तेवढं सांभाळ. आज जर तू तोच घाट तिन्हीसांजेला चढली असतीस तर यातलं काही दिसलं नसतं.

धुळ्यात सकाळी घाईने निघू नकोस. विनोबा १९३२ साली तिथल्या तुरुंगात होते. कैद्यांपुढे ते गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. आजीला हे कळलं की तू त्याच गावात झोपली आहेस तर तिला फार बरं वाटेल, उद्या मी तिला सांगतो. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळही तिथलंच. उघडं असेल आणि मन झालं तर तासभर बघ, नाहीतर सरळ चाळीसगावचा रस्ता धर. तुला काय वाटतं त्यावर.

कन्याकुमारीच्या शिलेवरचं स्मारक एकनाथजी रानड्यांनी उभं केलं, १९७०मध्ये. तिथे पोचलीस तर माझाही नमस्कार सांग. पण कुठल्याही दिवशी, कुठल्याही गावी तुला वाटलं की पुरे, आता घरी जावं, तर गाडी वळव. कोणाला काही समजावून सांगायची गरज नाही, आत्यालाही नाही. सोलापूरहून परत आलीस तरी मी राऊला उभा असेन.

संभाजीनगरच्या हॉटेलचे बुडालेले पैसे मी आत्ताच तुझ्या खात्यात टाकलेत. परत पाठवू नकोस. पुढेही जिथे बुकिंग सोडून अलीकडे थांबशील, तिथले पैसे मीच देणार, मग ते एकदा होवो की रोज. आईलाही हे मान्य आहे. पावती तेवढी पाठवत जा.

तुझा,
बाबा

ता. क. चाकाचा पाना डिकीत स्टेपनीखाली आहे, पण त्याचा दांडा आखूड आहे म्हणून मी लांब पाइप वेगळा ठेवलाय, ड्रायव्हरच्या सीटखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. नट ढिले करताना गाडी जमिनीवरच असू दे, जॅक नंतर लाव.